आठची मराठी उपासना बंद करताना आम्हाला विचारलंत का? आमच्या चर्चच्या पंच कमिटीला खुलं पत्र

प्रति,
माननीय पाळक साहेब आणि पंच कमिटीचे सर्व सदस्य,

आपणा सर्वांना ख्रिस्ती सलाम.

गेल्या रविवारी चर्चच्या नोटीस बोर्डावर इंग्रजीत एक कागद लागला. मोजून चार ओळी. तीन कारणं दिलेली आणि अर्थ एवढाच की पुढच्या महिन्यापासून सकाळी आठची मराठी उपासना बंद, सगळ्यांनी साडेदहाच्या इंग्रजी उपासनेला यायचं, मराठी लोकांसाठी मधूनमधून भाषांतर होईल आणि एखादं मराठी गीत घेतलं जाईल. खाली सेक्रेटरींची सही. आमच्यातल्या बऱ्याच म्हाताऱ्या माणसांना तो कागद वाचताच आला नाही, नर्सिंगच्या पोरींनी त्यांना मराठीत सांगितला. म्हणजे ज्यांची उपासना बंद होतेय त्यांनाच ती बंद होतेय हे दुसऱ्याकडून कळलं. संध्याकाळी तोच कागद व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आला आणि ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिनच लिहू शकतील अशी सेटिंग आधीच करून ठेवलेली होती, त्यामुळे कोणाला "का?" एवढंसुद्धा विचारता आलं नाही.

म्हणून हे पत्र उघड लिहितेय. आधी लेखी अर्ज दिला होता, त्याची पोचसुद्धा मिळाली नाही. चर्चचं नाव, गावाचं नाव, कुणा माणसाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाहीये, भांडण घरातलं आहे आणि ज्यांना कळायचं त्यांना कळेल. पण गोव्यात आमच्यासारख्या छोट्या मराठी मंडळ्या अजून आहेत, कुठे कुणाच्या हॉलमध्ये भरतात, कुठे कुणाच्या फ्लॅटवर, आणि आज जे आमच्याकडे झालं ते उद्या त्यांच्याकडे होऊ शकतं, तेव्हा त्यांनीही वाचावं.

मी कोण ते थोडक्यात सांगते. माझं माहेर मिरजेचं, डॉ. वानलेस यांनी उभारलेल्या मिशन हॉस्पिटलच्या आसपास वाढलेली मी, लग्न होऊन गोव्यात आले कारण नवरा इथे बंदरात नोकरीला होता. माझ्या दोन्ही मुलांचा बाप्तिस्मा आणि दृढीकरण (कन्फर्मेशन) याच चर्चमध्ये झालं. माझ्या नवऱ्याचा अंत्यविधीही इथेच झाला, मराठीत झाला, आणि त्या दिवशी शास्त्रातलं जे वाचलं गेलं ते मला कळलं म्हणूनच मी उभी राहू शकले. कितीतरी वर्षं मी संडे स्कूल शिकवलंय, कमिटीतल्या दोघांच्या मुलांना "आमच्या स्वर्गातील बापा" मीच पाठ करून घेतलंय. त्यामुळे मला बाहेरची म्हणून बाजूला काढू नका एवढी विनंती.

आता मुद्द्यावर येते. नोटिशीत तीन कारणं दिलीत, चौथं कारण एका सन्माननीय सदस्यांनी गेटवर तोंडी ऐकवलं, आणि पाचवं कुणी बोलत नाही पण सगळ्यांना माहीत आहे.

पहिलं कारण, हजेरी कमी. ही हजेरी मोजली कधी? मे महिन्यात आणि जून-जुलैत. मे महिन्यात मराठी मंडळी गोव्यात असते का हो? मुलांना सुट्टी लागली की कोल्हापूर, सांगली, बेळगाव, नगर, सोलापूर, ज्याला जिथे घर आहे तिथे तो जातो, तिकडे लग्नं असतात, म्हाताऱ्या आईबापांची दुखणी असतात. आणि जून-जुलैत गोव्यात पाऊस कसा पडतो हे मी तुम्हाला सांगायला नको, रविवारी सकाळी गावाकडच्या बस निम्म्या असतात, त्यात सातची बस चुकली की पुढची साडेआठला, आणि ज्याच्याकडे स्कूटर आहे तो रेनकोट घालूनसुद्धा भिजूनच पोचतो. साडेदहाच्या उपासनेला येणारे बहुतेक कारने येतात, त्यांची हजेरी पावसात तेवढी कमी होत नाही. हा त्यांचा दोष नाही, पण मग दोन हजेऱ्या शेजारी ठेवून एक बंद करायची हा हिशोब बरोबर नाही. डिसेंबरमध्ये मोजा. ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात मोजा. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांवर संदेश होतात त्या वेळी मागे खुर्च्या कमी पडतात, तेव्हा कुणी मोजलं?

आणि हजेरीचं आणखी एक आहे जे कमिटीतल्या कुणाला ठाऊकच नाही असं वाटतं, कारण कमिटीत आता मराठी उपासनेचा एकच माणूस उरलाय आणि तोही आजारी असतो. आमच्याकडे येणारी माणसं काय काम करतात? हॉटेलात हाऊसकीपिंगला, किचनला, वेर्ण्याच्या फॅक्टऱ्यांत शिफ्टवर, हॉस्पिटलात नर्स आणि वॉर्डबॉय, सोसायटीत सिक्युरिटी. ऑक्टोबर ते मार्च टुरिस्ट सीझन, त्या काळात हॉटेलवाल्याला रविवारची सुट्टी मिळणं म्हणजे लॉटरी. आठची उपासना साडेनऊला संपते, तिथून तो अकराच्या ड्युटीला पोचतो. नाइट करून सुटलेली नर्स घरी जायच्या आधी येऊन बसते, कधीकधी संदेश चालू असताना तिचा डोळा लागतो आणि आम्ही तिला उठवत नाही. साडेदहाची उपासना बाराला संपते, नंतर चहा-बिस्किटं आणि फेलोशिप. ही माणसं तिथे येणारच नाहीत, त्यांची इच्छा नाही म्हणून नाही, त्यांची ड्युटी आहे म्हणून. तुम्ही भाषा बदलताय असं तुम्हाला वाटतंय, प्रत्यक्षात तुम्ही वेळ बदलताय आणि त्या वेळेबरोबर माणसं गाळताय. समजा भाषांतर उत्तम झालं, अगदी उत्तम झालं, तरी आठचा माणूस साडेदहाला कसा येणार याचं उत्तर नोटिशीत कुठे आहे?

भाषांतराबद्दलही बोलून घेते. दोनदा प्रयोग झाला होता, सगळ्यांनी पाहिलाय. पाळक साहेब एक वाक्य बोलतात, मग भाषांतर करणारा भाऊ एक वाक्य बोलतो, अर्ध्या तासाचा संदेश एक तासाचा होतो, इंग्रजीवाले घड्याळ बघतात आणि मराठीवाल्यांना मान खाली घालून बसल्यासारखं होतं की आपल्यामुळे उशीर होतोय. आणि गाणी स्क्रीनवर रोमन लिपीत! आमच्या आज्यांना देवनागरीत मोठ्या अक्षरात छापलेलं गीत चष्म्याशिवाय तोंडपाठ येतं, ते स्क्रीनवरचं त्यांना गिचमिड दिसतं. शिवाय पेटी-तबल्याला साडेदहाला जागाच नाही, तिथे कीबोर्ड आणि ट्रॅक. ट्रॅकवर पद म्हणता येत नाही हो, पद म्हणणारा कुठे थांबेल, कुठली ओळ परत घेईल, ते त्या दिवशीच्या मंडळीवर असतं. गोव्यात तबला वाजवणारा मिळणं अवघड नाही, गावोगावी भजनं चालतात, पण आमच्या तबल्याच्या जोडीला गेल्या वर्षी शाई लावायला पैसे मागितले तर "बजेटमध्ये नाही" असं उत्तर आलं, आणि त्याच महिन्यात नवीन स्पीकर आले. असो.

दुसरं कारण, एकता. एक चर्च, एक उपासना. ऐकायला फार छान आहे. पण एकत्र येणं म्हणजे एकसारखं होणं असं कुणी सांगितलं? १९७० साली नागपुरात सहा वेगवेगळ्या परंपरांची चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल, मेथॉडिस्ट, बॅप्टिस्ट वगैरे. आपली मंडळी त्यात नाही, पण उदाहरण बघा. लहान मुलांचा बाप्तिस्मा करायचा की मोठेपणी विश्वास कबूल केल्यावर, यावरून प्रोटेस्टंट लोकांत किती वाद झालेत ते पाळक साहेबांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तिथे त्यांनी दोन्ही पद्धती ठेवल्या. इतक्या मोठ्या प्रश्नावर दोन रीती एका छताखाली राहू शकतात तर एका इमारतीत दोन भाषांच्या दोन उपासना राहिल्याने आपली एकता मोडते कशी? आणि आपलं चर्चच मुळात असं झालंय, कुणी कोल्हापूरच्या प्रेस्बिटेरियन मिशनचं, कुणी नगरच्या अमेरिकन मराठी मिशनचं, कुणी बेळगावचं मेथॉडिस्ट, कुणी केरळचं, कुणी तामिळ, कुणी ईशान्येकडून नेव्हीत आलेलं. गोव्यात येऊन सगळ्यांनी एकमेकांना धरलं कारण दुसरं कुणी नव्हतं.

महिन्यातून एक रविवार सगळ्यांची मिळून उपासना आणि प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) ठेवा, आम्ही आनंदाने येऊ, त्या दिवशी ड्युटी बदलून घेऊ, जेवण आम्ही करू. हे मी तोंडी आधीही सांगितलंय.

तिसरं कारण, पाळक साहेबांवर दोन उपासनांचा ताण. हे एक कारण मला खरं वाटतं आणि याबद्दल मला वाईटही वाटतं. साहेबांचं वय झालंय, बीपी आहे, रविवारी दोन संदेश, मग घरभेटी, मग कुणाचा वाढदिवस. पण यावर उपाय आमच्याकडे होता. मराठी उपासनेत संदेश देऊ शकतील असे तीन जण आहेत, त्यातल्या एका बाईंनी रीतसर बायबलचं शिक्षण घेतलंय. प्रभुभोजनाच्या रविवारी साहेब, बाकीच्या रविवारी हे तिघं आळीपाळीने. हा प्रस्ताव लिहून दिला होता. त्यावर चर्चा झाली का, झाली तर कुणी काय म्हटलं, काहीच कळलं नाही. बाईने संदेश द्यायचा याला कुणाची हरकत असेल तर तसं स्पष्ट सांगा, मग त्यावर वेगळं बोलू.

आता ते गेटवरचं वाक्य. "मराठी ही गोव्यातल्या ख्रिस्ती लोकांची भाषा नाही, इथे कोंकणी नाहीतर इंग्लिश." हे ऐकून मला राग आला नाही, हसू आलं, कारण हेच आम्हाला शेजारीपाजारी पण विचारतात, "तुमी क्रिस्तांव आनी मराठी उलयतात?" (तुम्ही ख्रिस्ती आणि मराठी बोलता?) त्यांना नवल वाटतं कारण त्यांनी फक्त कॅथलिक बघितलेत. शेजारणीने विचारणं वेगळं आणि कमिटीच्या माणसाने म्हणणं वेगळं.

म्हणून थोडा इतिहास सांगते, रागावू नका. थॉमस स्टीफन्स नावाचा एक इंग्रज कॅथलिक जेज्युइट फादर १५७९ मध्ये गोव्यात आला, दक्षिण गोव्यातल्या साष्टीत आयुष्य काढलं आणि इथेच वारला. त्याने येशूची गोष्ट ओव्यांत लिहिली, दहा हजारांवर ओव्या, आणि लिहिली ती मराठीत. ते ख्रिस्तपुराण १६१६ साली इथेच रायतूरला छापलं, चर्चमधून लोकांना वाचून दाखवलं जायचं. आपण त्यांच्या पंथाचे नाही, ठीक आहे, पण गोव्यात ख्रिस्ती माणसाने देवाचं नाव मराठीत घेणं चारशे वर्षं जुनं आहे, ते आम्ही कोल्हापूरहून ट्रकात भरून आणलेलं नाही. आणि त्यानंतर १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला की लोकांनी आपली भाषा सोडून तीन वर्षांच्या आत पोर्तुगीज बोलायला लागायचं. कोंकणी गेली का? आज सगळं गोवा तीच बोलतं. तुमची नोटीस म्हणजे व्हाइसरॉयचा हुकूम असं मी म्हणत नाहीये, तेवढी अक्कल मला आहे, पण वरून कागद लावून प्रार्थनेची भाषा बदलायचा प्रयत्न या मातीत एकदा होऊन गेलाय हे आपल्यापैकी कुणाला तरी आठवायला हवं होतं.

आपल्या प्रोटेस्टंट बाजूचं म्हणाल तर इंग्रजी आमच्या आधी आली हेही मान्य करते. १७९९ ते १८१३ ब्रिटिश सैन्य गोव्यात होतं, काबोच्या किल्ल्याच्या बाजूला, त्यांची दफनभूमी दोना पावलाला अजून आहे. ते इंग्रजीतच उपासना करत असणार. इतिहासात कुणाचा नंबर पहिला यावरून मला काही मागायचं नाहीये. पण ज्या १८१३ मध्ये ते सैन्य गेलं त्याच साली मुंबईत अमेरिकन मराठी मिशनचं काम सुरू झालं, पुढे १८३१ पासून नगरला, १८४२ मध्ये ज्ञानोदय हे ख्रिस्ती नियतकालिक निघालं, नारायण वामन टिळकांनी आपल्याला पदं दिली, पंडिता रमाबाईंनी पवित्र शास्त्राचं भाषांतर करता करता देह ठेवला आणि ते १९२४ मध्ये पूर्ण छापून आलं. हे सगळं आम्ही दर रविवारी आठ ते साडेनऊ वापरतो. आणि सरकारच्या दृष्टीने बघा, १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोंकणी राजभाषा आहे आणि मराठीही सरकारी कामात वापरता येते. म्हणजे मामलेदाराकडे मी मराठीत अर्ज देऊ शकते आणि माझ्या चर्चच्या बोर्डावर मराठीत नोटीस मिळत नाही!

आता जे कुणी बोलत नाही ते. हॉल. शनिवारी रात्री हॉल भाड्याने जायला लागल्यापासून रविवारी सकाळी साफसफाईचा प्रश्न आहे. बर्थडे, रिसेप्शन रात्री अकरा-बारापर्यंत चालतं, सकाळी सात वाजता आमच्या महिला मंडळाच्या बायका जाऊन थर्मोकोलच्या प्लेटा उचलतात, फुगे फोडतात, केकचं क्रीम पुसतात आणि मग उपासनेच्या खुर्च्या मांडतात. साडेदहापर्यंत सफाईवाला येतो, म्हणून साडेदहावाल्यांना हॉल नेहमी स्वच्छच दिसतो. आठची उपासना गेली की शनिवारचं बुकिंग आणखी उशिरापर्यंत देता येईल, हे साधं गणित आहे. भाड्याला माझा विरोध नाही. छप्पर गळतंय, पैसे लागतात, मान्य. पण मग नोटिशीत तसं लिहा ना. आणि भाड्याचा हिशोब गेल्या वार्षिक सभेत "संकलित" म्हणून एका आकड्यात आला, तो फोड करून बोर्डावर लावा. हा हॉल बांधताना हंगामाच्या उपकारस्तुतीच्या (हार्वेस्ट फेस्टिव्हलच्या) लिलावात मराठी मंडळीने एकेक नारळ, एकेक भोपळा ज्या किमतीला घेतलाय ती आठवा, पगार किती आणि बोली केवढी, नंतर घरी जाऊन भांडणं झालीत त्यावरून. माझ्या घरी पण झालंय.

एवढ्यावर थांबले असते, पण मराठी उपासना म्हणजे फक्त दीड तासाचा कार्यक्रम असं कमिटीला वाटत असावं, म्हणून तिच्या आजूबाजूचं सांगणं भाग आहे.

बांबोळीच्या मेडिकल कॉलेजमध्ये सिंधुदुर्गातून, बेळगावकडून, अगदी चंदगड-आजऱ्याकडूनही पेशंट येतात. २०१८ पासून गोव्याबाहेरच्या पेशंटना तिथे पैसे भरावे लागतात, आणि नातेवाईक बाहेर पायरीवर झोपतात. त्यात ख्रिस्ती कुटुंबंही असतात. त्यांच्या गावचा पाळक आमच्यातल्या कुणाला तरी फोन करतो, "अमुक वॉर्डात आपलं माणूस आहे, बघून या." आमच्या बायका डबा घेऊन जातात, बसने, पावसातसुद्धा. भाजी-भाकरी, पेज, कधी नुसता चहा आणि प्रार्थना. पेशंटचा नवरा किंवा मुलगा मग रविवारी आठला उपासनेला येतो, मागे बसतो, रडतो, जातो. त्याचं नाव आपल्या सभासद यादीत कधीच येत नाही, म्हणून तो हजेरीत धरला जात नाही. पण फोन कुणाला येतो? इंग्रजी उपासनेच्या सेक्रेटरींना येत नाही, कारण आजऱ्याच्या पाळकाकडे त्यांचा नंबर नाही. आठची उपासना बंद झाली की हा फोन कुणी उचलायचा ते ठरवून ठेवलंय का?

आणि कुणी गेलं की? गोव्यात कॅथलिक शेजाऱ्यांची सिमिती, म्हणजे दफनभूमी, त्यांच्या पॅरिशची असते, कॉन्फ्रारिया, म्हणजे चर्चचं बंधुमंडळ, असते, त्यांचं सगळं शेकडो वर्षं बसलेलं आहे. आपल्या मंडळीला स्वतःची दफनभूमी नाही. माणूस गेला की पहिला प्रश्न रडायचा नसतो, कुठे न्यायचं हा असतो. मग मराठी मंडळीतले दोघं-तिघं रात्रीत फोन फिरवतात, कागद गोळा करतात, शववाहिका ठरवतात, आणि पुष्कळदा चोर्ल्याच्या नाहीतर आंबोलीच्या घाटाने बॉडी गावी न्यावी लागते. गेल्या पावसाळ्यात एका म्हाताऱ्या मावशींना असंच नेलं, घाटात दरड पडून ट्रॅफिक थांबलेलं, मुलगा गाडीतून उतरून पावसात उभा. आपल्याला गोव्यातच पुरावं अशी त्यांची इच्छा होती, नवरा नाही, सगळं आयुष्य इथे गेलेलं. नाही जमलं.

हा प्रश्न आपल्यापुरता छोटा वाटतो पण छोटा नाही. २०२५ च्या जानेवारीत छत्तीसगडमधल्या एका ख्रिस्ती माणसाच्या दफनाचं प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, देह जवळपास तीन आठवडे शवागारात होता आणि दोन न्यायाधीशांचंही एकमत झालं नाही, शेवटी गावापासून लांब दुसरीकडे दफन करायला सांगितलं. गोव्यात तशी कटुता नाही, देवाची कृपा, शेजारी चांगले आहेत, ख्रिसमसला आमच्या करंज्या त्यांच्याकडे जातात आणि त्यांचा दोदोल (नारळ-गुळाची मिठाई) आमच्याकडे येतो. म्हणूनच इथे शांतपणे काम होऊ शकतं. दफनभूमी हे राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकेच्या कामांच्या यादीत लिहिलेलं आहे, अर्ज करायला, पाठपुरावा करायला माणूस लागतो. आपला अर्ज केव्हापासून पडून आहे आणि शेवटचं त्या ऑफिसात कोण गेलं होतं? कमिटीच्या बैठकांचा वेळ उपासना बंद करण्यात जातो आणि दफनभूमीचा विषय "इतर विषय आयत्या वेळी" मध्ये जातो, हे बरोबर दिसत नाही.

संडे स्कूलचं एका ओळीत सांगते. मुलं इंग्रजी शाळेत जातात हे खरं आहे, पण त्यातली कितीतरी चौथीपर्यंत मराठी माध्यमात होती, त्यांना देवनागरी छान वाचता येतं, आणि गावी आजोबांच्या शेजारी बसून शास्त्र वाचायला त्यांना तेच लागतं. मराठी वर्ग बंद केलात तो नोटीससुद्धा न लावता.

आमच्या मागण्या अशा आहेत, वाढवून सांगत नाही.

एक, हा निर्णय लागू करण्याआधी थांबवा आणि सर्व सभासदांची खास सभा बोलवा, सूचना किमान दोन रविवार आधी, मराठीत आणि इंग्रजीत, आणि सभा अशा वेळी ठेवा की शिफ्टवाल्यांना येता येईल, म्हणजे रविवारी दुपारी साडेबाराला नको.

दोन, आठची मराठी उपासना आठलाच राहू द्या. महिन्यातून एकदा एकत्र उपासना आम्हाला मान्य आहे. संदेशासाठी तिघांची यादी परत देते, त्यावर हो किंवा नाही लेखी सांगा.

तीन, पंच कमिटीत मराठी उपासनेचे किमान दोन सभासद घ्या, त्यातली एक बाई असावी. आत्ताचे आजारी भाऊ स्वतःच म्हणतात की त्यांच्या जागी दुसरं कुणी घ्या.

चार, हॉलच्या भाड्याचा गेल्या दोन वर्षांचा हिशोब फोड करून लावा, आणि शनिवारचं बुकिंग रात्री दहाला संपवा, साफसफाई बुकिंगवाल्याकडून करून घ्या. सफाईचं डिपॉझिट घ्या की, सगळे हॉलवाले घेतात.

पाच, दफनभूमीच्या अर्जासाठी तीन माणसांची समिती नेमा, त्यात मी नाव द्यायला तयार आहे, सकाळी ऑफिसात जाऊन बसायला मला वेळ आहे.

सहा, मराठी संडे स्कूल पुन्हा सुरू करा. शिकवायला दोघी तयार आहेत, पगार नको, खडू आणि फळा द्या, आणि हॉलची मागची खोली उघडी ठेवा.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सगळ्यांना लिहिता येईल असा करा, हे मागणीत धरू नका, साधी गोष्ट आहे.

इंग्रजी उपासनेच्या भावाबहिणींना एक सांगायचंय. तुमच्यावर काही राग नाही. तुमच्यातल्या कितीतरी जणांनी आम्हाला येऊन सांगितलं की त्यांनाही ही नोटीस पटलेली नाही आणि त्यांना कुणी विचारलंही नाही. तेव्हा सभेत या आणि तिथे बोला, एवढंच.

सह्यांचं पत्रक वेगळं केलंय, त्यात मराठी उपासनेतल्या बहुतेक कुटुंबांच्या सह्या आहेत, ज्यांना सही येत नाही त्यांचे अंगठे आहेत, आणि काही इंग्रजी उपासनेतल्या सह्याही आहेत. ते या रविवारी उपासना संपल्यावर सेक्रेटरींच्या हातात देऊ, कृपया पोच द्यावी, तारखेसह. पुढच्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी आठ वाजता आम्ही नेहमीसारखे येणार आहोत. हॉलची किल्ली त्या दिवशी कुणाकडे असेल ते शनिवारपर्यंत कळवा, आणि शनिवारी बुकिंग असेल तर तेही सांगा म्हणजे आम्ही झाडू घेऊन साडेसहालाच येऊ.

आपली नम्र,
मराठी उपासनेची एक सभासद आणि संडे स्कूलची जुनी शिक्षिका